काचेमागची डबी

२ एप्रिल १९८३, शनिवार

आज सदतीस पोरींच्या देखत माझ्या आईला चोर म्हटलं गेलं, आणि मी काय केलं? "ओळ मोडू नका," म्हणाले.

हे लिहायलाच ही वही काढली. हजेरीपटाशिवाय काही लिहून किती वर्षं झाली! पण आज कुठेतरी ओकायला हवं.

नवीन जिल्हा झाल्यापासून लातूरहून परिपत्रकांचा पाऊस चालू आहे. खरा पडत नाही, हा मात्र थांबत नाही. ताजं परिपत्रक – "आपला जिल्हा, आपला वारसा". म्हणून सातवीच्या मुलींना घेऊन स्टेशनामागच्या इलमट साहेबाच्या कोठीत गेले. खरं नाव विल्मट, पण उदगिरात तसं कुणी म्हणत नाही. निजामाच्या राज्यात त्याची कापूस दाबायची प्रेस होती. अठ्ठेचाळीस साली कुटुंब निघून गेलं, सामान खोल्यांत कुलूपबंद राहिलं. आता समिती नेमून, चुना फासून, ते लोकांना दाखवतात. एक मेला लातूरचे पाहुणे येऊन फीत कापणार. तोवर शाळांवर तालीम.

दाखवणारा लिंबाजी. रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आता निवृत्त. हातात छडी, तोंडात पाठ केलेलं. "ही साहेबाची खुर्ची. पुढं चला. हा मेमसाहेबाचा पियानो, आतून उंदरानं खाल्लाय. पुढं चला." मागे विहीर, विहिरीवर चिंचेचं झाड. पोरी पडलेल्या चिंचा वेचायला धावल्या तशी मी खेकसले. तिथल्या मातीला पोरींनी हात लावलेला मला आवडला नाही. का ते पोरींना काय सांगणार?

मग मेमसाहेबाची खोली. काचेच्या कपाटात तिची रोजनिशी, चामड्याच्या पुठ्ठ्याची. शेजारी एक चांदीची डबी. कोंबडीच्या अंड्याएवढी, दोन्ही टोकांना कड्या. लिंबाजीने छडी टेकवली. "ही मेमसाहेबाची दागिन्याची डबी. एकोणीसशे अडतीस साली घरच्या आयानं चोरली. निऱ्यांत खोवलेली सापडली. मेमसाहेबानं रोजनिशीत लिव्हलंय. लई दयाळू बाई, पोलिसात दिलं न्हाई, नुसतं हाकललं. झाकण अडकलंय, कुणालाच उघडत न्हाई. पुढं चला."

ती आया म्हणजे माझी आई, माझी अव्वा, रत्नम्मा. अख्ख्या गावाला माहीत आहे. पहिल्या बाकावरच्या महादेवीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. म्हणजे तिच्या घरीही माहीत आहे.

आणि ती दागिन्यांची डबी नाही. आमच्या लिंगायतांतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी त्याच्या गळ्यात लिंग बांधतो. ते कधी अंगावेगळं करायचं नाही, मेल्यावर माणसाबरोबर मातीत जातं. ऐपत असेल तो चांदीच्या डबीत ठेवतो, नसेल तो फडक्यात बांधतो. टोकांच्या कड्या असतात त्या गळ्यातल्या दोऱ्यासाठी. माझ्या गळ्यात तशीच डबी आहे, पहिल्या पगाराची.

मेमसाहेब काय गळ्यात चांदीचं अंडं अडकवून फिरत होती?

३ एप्रिल, रविवार

अव्वाच्या गळ्यात फडकं आहे. मला कळतंय तेव्हापासून फडकंच. मी समजत होते गरिबी.

५ एप्रिल, मंगळवार

टँकर आला नाही. गल्लीतल्या बायका कोठीच्या विहिरीवर गेल्या. समितीने घरटी दोन घागरी सोडल्या आहेत. गावातले सगळे आड तळाला गेले, त्या विहिरीला मात्र अजून दोन परस खोल पाणी. मी घागर उचलली तशी अव्वा ओसरीतून म्हणाली, "त्या पान्याला जायचं न्हाई."

"मग प्यायचं काय?"

"तान काढायची."

सत्तर वर्षांची म्हातारी, आणि तान काढायची! बहात्तर सालच्या दुष्काळातही हेच. तेव्हा मी किल्ल्याकडच्या आडावरून पाणी आणलं, आजही आणलं. उन्हात दीड तास. पण मला राग आला नाही, पहिल्यांदाच. आजवर वाटायचं, चोरी करून हाकलली गेलेली बाई त्या बाजूला फिरकायला लाजते. आज तिचा चेहरा नीट पाहिला. लाज नव्हती त्यात. रुसवा होता, पंचेचाळीस वर्षं पोसलेला.

सगळं एकदा कागदावर मांडते. वडील सिद्धलिंग – मी वर्षाची असताना तापाने गेले. दीर-जावांनी अव्वाला वेगळं काढलं. तिने कोठीत मेमसाहेबाचं पोर सांभाळायचं काम धरलं. लिंगायताची सून साहेबाच्या घरी राबते म्हणून समाजाने बारशा-लग्नाला बोलावणं सोडलं. त्यावर दोन वर्षांनी हा चोरीचा डाग. मी तेव्हा तीन वर्षांची. मग ती मोंढ्यात धान्य निवडायला जायला लागली, मी शाळेत. चोपन्न साली माझं निलंग्याचं स्थळ ठरलं होतं, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोडलं. निरोप आला होता, "मुलगी चांगली आहे. पण चोरटीची लेक घरात नको."

त्यानंतर मी कुणाला पाहूच दिलं नाही स्वतःला. बाई झाले, बाईच राहिले. ठीक आहे. रडगाणं नाही हे. पण अव्वाने एकदाही, एकदाही "मी चोरली नाही" असं म्हटलं नाही. विचारलं की पाठ करून बसायची. पूजाही तशीच करते. लिंग तळहातावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून. माझ्या आईची पूजा मीसुद्धा पाहिलेली नाही.

१० एप्रिल, रविवार

एकटी गेले कोठीत. रीतसर तिकीट काढून. लिंबाजी म्हणाला, "बाई, तुमी तर पाहिलंय की." म्हटलं, नीट पाहिलं नाही.

मेमसाहेबाच्या खोलीत गेल्यावर सरळ सांगितलं, कपाट उघडा. तो दचकला. मी गळ्यातली डबी दोऱ्यासकट पदराबाहेर ओढून काचेला टेकवली. माझी अन् आतली, दोन्ही शेजारीशेजारी. लिंबाजीने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, मग चष्मा पुसून पुन्हा. तीस वर्षं तिकिटांवरचे शिक्के तपासलेला माणूस. कमरेची किल्ली काढली.

डबी हातात घेतली. जड आहे. झाकणाच्या सांध्यात काळं साचून दगड झालंय, फिरत नाही. उलटी केली. तळाला अक्षरं, सुईने कोरल्यासारखी. कपाटातल्या चिठ्ठीवर त्यांना "विलायती वेलबुट्टी" म्हटलंय. कुणा बाहेरच्या अभ्यासू माणसाने लिहिलेली चिठ्ठी. वेलबुट्टी कसली डोंबलाची! कानडी अक्षरं आहेत. मला अव्वाने चुलीच्या राखेत बोटाने कानडी शिकवलं, तेवढं पुरलं.

"संगप्पाची लेक रत्नम्मा."

संगप्पा म्हणजे माझे आजोबा. अव्वाचे वडील. लग्नात लेकीला घातलेली डबी.

बसले मी तिथेच, मेमसाहेबाच्या पलंगावर. लिंबाजी म्हणाला, "बाई, तिथं बसायला मनाई हाय." मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बसा."

काय लिहावं! तिचीच डबी. तिच्याच निऱ्यांत सापडली म्हणून ती चोर! आणि हे लिहून ठेवणारीची वही काचेत, मखमलीवर. माझी वही पत्र्याच्या पेटीत, गोधडीखाली. बरं. तिने लिहिलं, मीही लिहिते. बघू कुणाचं टिकतं.

१४ एप्रिल, गुरुवार. पाडवा

गुढीला गडू पालथा घातला, साखरेची माळ बांधली, नमस्कार झाला, आणि मग अव्वाला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. माझ्या गळ्यात पडेल. काय काय वाटलं होतं.

ती कडुलिंबाचा पाला निवडत होती. हात थांबला. "कशाला उकरलीस?"

"अव्वा, तुझं नाव आहे तिच्यावर. तू चोर नाहीस."

"मला ठाव न्हाई व्हय मी चोर न्हाई ते?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"पुरलेलं पुरलेलंच ऱ्हाऊ दे, गंगा. चोर म्हन्तेत, म्हनू दे. त्यानं काय अंगाला भोकं पडली न्हाईत."

तुला नाही पडली. मला पडली. असं म्हणाले मी. सणाच्या दिवशी. तिने कडुलिंबाची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि आत गेली.

१७ एप्रिल, रविवार

समितीचे अध्यक्ष गुरुबसप्पा अण्णा. मोंढ्यात आडत, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मठाच्या प्रत्येक कामात पुढे. आमच्याच समाजाचे. म्हणून आधी त्यांच्याकडे गेले. वाटलं, परक्याला सांगावं लागेल ते यांना न सांगता कळेल.

कळलेलंच होतं! त्यांनी डबी कपाटात ठेवतानाच ओळखली होती.

"मग चिठ्ठी तशीच का ठेवलीत?"

"बस, गंगा. च्या घे." चहा आला. "हे बघ. डबी लिंगाची हाय म्हनून सांगितलं, तर लोक काय म्हन्तील? लिंगायताची बाई साहेबाच्या पोराचं हागलं-मुतलं काढत होती म्हनतील. आपल्याच समाजाचं उघडं पडतंय. त्यापरीस कुना आयानं चोरली, हे काय वाईट? नाव तर लिव्हलं न्हाई."

"गावाला नाव माहीत आहे."

"गावाला मरू दे. लातूरच्या पाव्हण्याला न्हाई ना माहीत." मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "आन आनखी एक. डबी तिची म्हन्तीस. मग पंचेचाळीस वर्सं तुझ्या आईच्या गळ्यात काय हाय?"

"लिंग आहे. फडक्यात."

"डबी साहेबाकडं ऱ्हायली आन लिंग तेवढं हिच्याकडं आलं? कसं? हे इचारतील लोक. जुनी मानसं काय सांगून गेलीत ठाव हाय ना? लिंग गेलं की मानसानं अन्नपानी सोडायचं. जगायचं न्हाई. तुझ्या आईवर नसतं बालंट यील. चोर बरी. गप ऱ्हा."

मी म्हटलं, तिने काढून घेतलं असेल वेळीच. शहाणी आहे माझी आई. तुमच्यासारखी गप राहणारी नाही.

खोटं बोलले. गप तर तीच राहिली. चहा तसाच ठेवून आले.

१८ एप्रिल, सोमवार

पाहते कोण मला गप बसवतं ते.

२६ एप्रिल, मंगळवार

शाळेला उन्हाळी सुट्टी, पण आम्हाला सुट्टी नाही. एक मेच्या कार्यक्रमात सातवीच्या मुलींचं स्वागतगीत, बसवायचं काम माझ्याकडे. हेडबाई म्हणाल्या, "शिवगंगाबाई, तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाला सांगते." दया दाखवत होत्या. मी म्हटलं, मलाच हवं.

पोरी गातात बरं. "सुजलाम सुफलाम जिल्हा आमुचा" असं काहीतरी आहे. घशाला कोरड पडलेल्या पोरी सुजलाम म्हणतात, ऐकायला हसू येतं. मधल्या वेळात कोठीच्या विहिरीचं पाणी देतात. पोरी पितात, मी घरून बाटली नेते. माझ्याही अंगात अव्वाच भिनली आहे.

लिंबाजीने आज मला बाजूला बोलावलं. म्हणाला, "बाई, मी नोकरीत कैकांना बिनतिकीट म्हनून उतरवलंय. येकदा मुदखेडच्या फलाटावर येक म्हातारी उतरवली. गाडी गेल्यावर तिच्या पदराच्या गाठीत तिकीट सापडलं. ती अजून सपनात येते." इतकंच बोलला.

अव्वा माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. "जेवलीस?" "हाव." एवढंच.

१ मे, रविवार

सगळं लिहिणार, आजच.

मांडव, पताका, लातूरहून दोन जीपगाड्या. लातूरच्या साहेबांच्या हस्ते फीत कापली. नवीन जिल्हा, नवी पहाट वगैरे भाषण. स्वागतगीत झालं. मग पाहुण्यांना कोठी दाखवायची – पुढे लिंबाजी, मागे साहेब, गुरुबसप्पा अण्णा, समिती, अर्धं गाव. मी मुलींना म्हटलं, चला, आपणही बघू. अण्णांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

खुर्ची झाली. पियानो झाला. मेमसाहेबाची खोली. लिंबाजीची छडी डबीवर टेकली. "ही मेमसाहेबाची..." आणि तो थांबला. पाठ केलेलं विसरला म्हणावं तर त्या माणसाला स्टेशनंच्या स्टेशनं तोंडपाठ आहेत.

मी म्हटलं, "थांबा. पुढचं मी सांगते."

सांगितलं. ही दागिन्यांची डबी नाही, लिंगाची आहे, ही बघा माझी. ज्या आयाने ती चोरली म्हणता ती माझी आई, रत्नम्मा, अजून जिवंत आहे, याच गावात राहते. आणि तिने स्वतःच्या गळ्यातली वस्तू चोरली असेल, तर आपण सगळे आपापल्या अंगावरचे कपडे चोरून आलो आहोत.

कुणीतरी मागून म्हणालं, "हे काय आता?" अण्णा म्हणाले, "साहेब, बाई जरा... घरचा इषय हाय. आपन पुढं चलू."

तेवढ्यात कुलूप वाजलं. लिंबाजीने कपाट उघडलं होतं. डबी काढली, उलटी केली, साहेबांपुढे धरली. "साहेब, हिचं तिकीट तळाला हाय. कानडीत हाय. मला वाचता येत न्हाई."

साहेबांनी पाहिलं. त्यांनाही येत नव्हतं. विचारलं, "इथे कानडी कुणाला येतं?"

मी बोलले नाही. सदतीस पोरी होत्या, त्याही बोलल्या नाहीत. मी वाचलं असतं तर लोक म्हणाले असते, लेक आहे, मनचं वाचते. मी फक्त अण्णांकडे पाहत राहिले. त्यांच्या दुकानावरची पाटीसुद्धा निम्मी कानडीत आहे, सगळ्या गावाला माहीत.

साहेब म्हणाले, "अध्यक्ष, तुम्ही वाचता ना?"

अण्णांनी डबी हातात घेतली. घेण्याआधी चपला काढल्या. सवयीनेच काढल्या असतील, पण सगळ्यांनी पाहिलं. मेमसाहेबाच्या दागिन्यासाठी कुणी चपला काढत नाही. मग कपाळाला लावली, तीही सवयीनेच. आणि वाचलं. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"संगप्पाची लेक रत्नम्मा."

महादेवी रडायला लागली. वेडी पोर.

साहेब म्हणाले, रीतसर अर्ज द्या, समितीने ठराव करावा, वस्तू ज्याची त्याला द्यावी. चिठ्ठी बदला. मग जेवायला गेले. मी तिथेच उभं राहून अर्ज लिहिला, मेमसाहेबाच्या टेबलावर. बसायला मनाई असलेल्या खुर्चीत बसून!

बाहेर पडताना अण्णा जवळ आले. चेहरा उतरलेला. "वाचलं मी. लिंगापुढं खोटं बोलता आलं न्हाई. पन माझा सवाल तसाच हाय, गंगा. आज न्हाई तर उद्या कुनीतरी इचारनार."

विचारू दे की! नाव तर सुटलं.

२ मे, सोमवार

सकाळपासून समाजातल्या तिघी येऊन गेल्या अव्वाला भेटायला. पंचेचाळीस वर्षांनी. अव्वाने तिघींना चहा केला, आणि एकीशीही बोलली नाही.

७ मे, शनिवार

आज थोडं बोलली. मी विचारलं नव्हतं. हंड्यात पाणी गाळत होते, ती आपणहून बोलायला लागली.

मेमसाहेबाच्या पोराला न्हाऊ घालताना त्याने गळ्यातला दोरा ओढला. तुटला. डबी पडली. पोराच्या अंगाला साबण, हात गुंतलेले, म्हणून तिने ती उचलून निऱ्यांत खोवली. मेमसाहेब दारात उभी. तिला चांदी तेवढी दिसली. खानसामा मध्ये बोलायला. अव्वा सांगते, माझा देव हाय. खानसामा सांगतो, ही म्हणते देव आहे. मेमसाहेब हसली म्हणे. देव कधी निऱ्यांत असतो का?

"मग लिंग? ते केव्हा काढून घेतलंस?"

अव्वाने हंड्यावर फडकं टाकलं. "पानी झाक. धूळ जाती."

११ मे, बुधवार

ठराव झाला. लिंबाजीने नवी चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. "रत्नम्मा सिद्धलिंग यांची लिंगाची डबी. १९३८ साली त्यांच्याकडून घेतली. १९८३ साली परत केली." कपाटात डबीची जागा रिकामी, चिठ्ठी तेवढी राहणार. रोजनिशीच्या शेजारीच. माझं अक्षर बरं आलंय.

१३ मे, शुक्रवार

डबी घरी आणली. सही केली, लिंबाजीने माझ्या ओंजळीत ठेवली. "बाई, तुमचा प्रवास संपला," म्हणाला. म्हटलं, हाव.

अव्वापुढे ठेवली. तिने पदराने पुसली, बोट वडिलांच्या नावावरून फिरवलं. खूप वेळ. उघडायला म्हणून मी घेतली तर मनगट धरलं. सत्तरीत एवढा जोर! "ऱ्हाऊ दे तशीच." मी म्हटलं, तुझं लिंग फडक्यातून काढून यात ठेवू ना, रविवारी बसवजयंती आहे, चांगला दिवस आहे. तिने सोडलं मनगट.

सांध्यात गोडं तेल सोडून ठेवलंय.

१४ मे, शनिवार

दुपारी झाकण फिरलं.

रिकामी नव्हती. आत लिंग आहे. काळं, तुळतुळीत. वर भस्म सुकलेलं. पंचेचाळीस वर्षं त्या कोठीत, पियानो आणि खुर्च्यांच्या गर्दीत बसून होतं.

म्हणजे अव्वाने काही काढून घेतलंच नव्हतं. मग तिच्या गळ्यात काय आहे? अण्णांचा सवाल. मी त्यांना केवढ्या ताठ्याने उत्तर देऊन आले होते.

ओसरीत ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे. मी पाठीमागे दोनदा जाऊन उभी राहिले. विचारायचं धाडस झालं नाही. गावाशी भांडले, आणि या एका पाठीपासून दोनदा परत फिरले.

१५ मे, रविवार. बसवजयंती

आज पूजेला ती माझ्याकडे तोंड करून बसली. स्वतःच फडक्याची गाठ सोडली. आत चिंचोका होता. कोठीतल्या विहिरीवरच्या झाडाचा. हाताळून हाताळून आरशासारखा झालेला.

"हाकलली तवा तिथं पडला व्हता, उचलला. डबीत लिंग हाय असं मी म्हनले असते, तर लोकांनी अन्नपानी सोडाय लावलं असतं. चोर म्हनून घेतलं, मग कुनी इचारलं न्हाई. तू तीन वर्साची. माझ्याबिगर घास घेत न्हवतीस."

मग लिंग उचलून माझ्या हातावर ठेवलं, आणि चिंचोका डबीत घालून झाकण लावलं. "मला मातीत घालताना हेच घाल. ह्यानंच जगवलं." आणि म्हणाली, "जा, कोठीतून घागर भरून आन. तान लागली."

उद्या अण्णांकडे जाणार आहे. पंचेचाळीस वर्षं तिच्या गळ्यात काय होतं, सांगून येते. चिंचोका होता. आणि मी होते.